केशनलिकांमधील धातु-ऑक्साइड लेप : दावे, मर्यादा आणि नंदुरबारच्या मिरचीची कसोटी

प्रस्तावना

नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात येथील पथारींवर मिरची वाळवली जाते व पुढे मसाला-उद्योगाकडे जाते. या पिकावर कीटकनाशकांच्या फवारण्या वारंवार होत असल्याने त्यांचे अवशेष मोजणे शेतकरी, व्यापारी व ग्राहक या तिघांच्याही हिताचे ठरते. धातु-ऑक्साइडाचा लेप दिलेली केशनलिका हे असे सूक्ष्म अंश वेगळे काढण्याचे एक संभाव्य साधन होय. प्रस्तुत लेखात या लेपांविषयीच्या दाव्यांची चिकित्सा मिरचीसारखा अवघड नमुना समोर ठेवून केली आहे.

लेपाची पार्श्वभूमी

1979 मध्ये फ्यूज्ड सिलिकेच्या लवचिक नलिका आल्या आणि केशनलिका वायू-क्रोमॅटोग्राफी सर्वसामान्य प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली. 1990 मध्ये आर्थर व पॉलिशिन यांनी लेपित तंतूवर पदार्थ शोषून घेण्याचे तंत्र मांडले. 1997 मध्ये साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील अब्दुल मलिक यांच्या गटाने सोल-जेल पद्धतीने नलिकेच्या आतच लेप घडवून तो भिंतीशी रासायनिक बंधाने जोडला. मात्र सिलिकेचा लेप आम्लारिधर्मी द्रावणात टिकत नाही. सामू 8 च्या पुढे तो हळूहळू विरघळतो. म्हणून याच गटाने टायटानियाचे लेप तयार केले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात असा लेप सामू 13 च्या द्रावणाने धुतल्यावरही कार्यक्षम राहिल्याचे दाखवले आहे. हे यश निर्विवाद आहे. टायटॅनियमचे अल्कॉक्साइड पाण्याशी फार वेगाने अभिक्रिया करते. तो वेग आवरून एकसंध लेप मिळवणे हेच मुळात कौशल्याचे काम आहे.

दाव्यांची चिकित्सा

तथापि टिकाऊपणा म्हणजे उपयुक्तता नव्हे. पहिला प्रश्न धारणक्षमतेचा आहे. 0.25 मिमी अंतर्व्यास व 40 सेंमी लांबीच्या नलिकेचे आतील क्षेत्रफळ सुमारे 3 चौ. सेंमी भरते. लेपाची जाडी 1 मायक्रोमीटर धरल्यास त्याचे एकूण आकारमान जेमतेम 0.3 मायक्रोलिटर होते. उलट 1 ग्रॅम सुक्या मिरचीत तेल व रंगद्रव्ये 10 मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी अधिक असतात. ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा नाही त्याला युरोपीय संघ किलोमागे 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लावतो. म्हणजे 1 ग्रॅममध्ये केवळ 10 नॅनोग्रॅम. हव्या पदार्थापेक्षा नको असलेला पदार्थ दहा लाख पटींहून अधिक असताना एवढा पातळ लेप लवकरच व्यापला जाईल.

दुसरा प्रश्न नमुन्याचा आहे. या लेपांचे आरंभीचे निष्कर्ष मुख्यतः शुद्ध पाण्यात ज्ञात पदार्थ मिसळून काढलेले आहेत. त्यातून लेपाची क्षमता कळते, पद्धतीची नव्हे.

तिसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. टायटानिया व जिर्कोनिया यांच्या पृष्ठभागावर लुईस आम्लकेंद्रे असतात आणि फॉस्फेटसारखे गट त्यांना घट्ट धरतात. फॉस्फरसयुक्त पेप्टाइडे वेगळी काढताना हाच गुण उपयोगी पडतो. परंतु सेरियासारखी काही धातु-ऑक्साइडे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचे विघटनही घडवून आणतात. धरणारा पृष्ठभागच मोडणारा ठरला, तर यंत्र अवशेष कमी दाखवील आणि दूषित मिरची निर्दोष ठरेल. विश्लेषणात याहून घातक चूक नाही.

पर्यायाशी तुलना

2003 मध्ये मांडलेली क्वेचर्स पद्धत अवशेष-विश्लेषणात सर्वत्र रूढ आहे. तिच्यातील शुद्धीकरणाच्या टप्प्यात मेद काढण्यासाठी जिर्कोनियाचा थर दिलेली सिलिका वापरली जाते. येथे ऑक्साइड कीटकनाशकाला न धरता नको असलेल्या पदार्थांना धरते. त्याचा गुणधर्म तोच राहतो, भूमिका मात्र उलटते. आणि मिरचीसाठी हीच भूमिका अधिक योग्य दिसते.

महाराष्ट्रातील संशोधनाचा संदर्भ

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे यांच्या गटाने साध्या रासायनिक पद्धतींनी धातु-ऑक्साइडांचे पातळ थर दीर्घकाळ तयार केले. महागड्या उपकरणांविना उत्तम थर देता येतो, हे या परंपरेने सिद्ध केले. परंतु सपाट काचेवरील थर आणि नलिकेच्या आतील लेप यांत अंतर आहे. क्ष-किरण विवर्तन व सूक्ष्मदर्शी चित्रे यांवर थांबणारा शोधनिबंध लेप कसा दिसतो ते सांगतो. तो काय करतो, हे सांगत नाही.

निष्कर्ष

धातु-ऑक्साइड लेपांची रासायनिक स्थिरता मान्य करावी. अवशेष-मापनातील त्यांची उपयुक्तता मात्र सिद्ध झाल्याविना मानू नये. ती सिद्ध करण्यासाठी मिरचीच्या अर्कात ठरावीक मात्रा मिसळून तिचा किती अंश परत मिळतो ते पाहावे, विघटनातून निर्माण होणारे पदार्थ शोधावेत आणि प्रचलित पद्धतीशी तुलना करावी. लेप देणे महाविद्यालयीन प्रयोगशाळेला शक्य आहे. अंतिम मोजमापासाठी विद्यापीठाच्या उपकरण-केंद्राचे साहाय्य घेता येईल. नंदुरबारच्या प्रयोगशाळेपासून मिरचीचा नमुना दूर नाही. या विषयात नवे काही सांगायचे असेल, तर आरंभ त्या नमुन्यापासूनच व्हावा.