‘स्मृतिचित्रे’ : ख्रिस्ती निष्ठा आणि चिकाटी यांचे स्वरूप

प्रस्तावना :
लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. या ग्रंथातील विनोद, प्रांजळपणा आणि सहजसुंदर बोलभाषा यांची मराठी समीक्षेने मुक्तकंठाने प्रशंसा केली. परंतु श्रद्धाजीवनाचा विचार करताना मात्र समर्पणाचे श्रेय प्रायः रेव्हरंड ना. वा. टिळकांना दिले जाते आणि लक्ष्मीबाईंकडे पतीच्या मागून जाणारी सहधर्मचारिणी म्हणून पाहिले जाते. हे वाचन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विवेचन :
१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांत विरह, आप्तांचा दबाव, लोकनिंदा आणि पुढे पतीजवळ राहूनही पाळलेले स्वतंत्र सोवळे, असे सारे काही आहे. केवळ पातिव्रत्य हीच त्यांची प्रेरणा असती, तर हा विलंब झालाच नसता. त्या नकार देतात, वाद घालतात, मनाशी पडताळून पाहतात. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे ही जाणीव त्यांना आधी होते आणि धर्मांतर त्यानंतर घडते, हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या ग्रंथाच्या आरंभी वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचे चित्र आहे, त्या ग्रंथात सोवळ्याची ही गाठ स्वतःच्या हाताने सोडविणे हीच खरी साधना ठरते.

टिळकांचे समर्पण निर्णयाच्या क्षणांतून प्रकट होते. १९१७ साली मिशनच्या सेवेतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ उभारणे हा त्यांतील ठळक क्षण होय. अशा निर्णयानंतरचा संसार मात्र लक्ष्मीबाईंना चालवावा लागे. त्यांची निष्ठा रोजच्या चुलीपाशी, पाहुण्यांच्या वर्दळीत आणि रिकाम्या डब्यांच्या हिशेबात कसाला लागते. त्या स्वतःला कोठेही हुतात्मा ठरवीत नाहीत. उलट, स्वतःच्या फजितीवर मनमुराद हसतात. हा विनोद म्हणजे श्रद्धेचा अभाव नव्हे. अहंकाराला शिरू न देणारी ती शिस्त आहे.

‘ख्रिस्तायन’ हा याचा सबळ पुरावा होय. टिळकांनी आरंभिलेले हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरे राहिले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढील ६४ अध्याय रचले. ते १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. हीही पतिभक्तीच, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु पतीसाठी आरंभिलेले काम अध्यायामागून अध्याय निभावून नेण्यास स्वतःची श्रद्धा लागते, असेच म्हणावे लागते.

प्रार्थनेच्या आंतरिक अनुभवाविषयी ‘स्मृतिचित्रे’ फारसे बोलत नाही, ही ग्रंथाची मर्यादा मानता येईल. तथापि भक्तीच्या भाषेपेक्षा आचरणावर विसंबणे हे लेखिकेच्या स्वभावाशी सुसंगतच आहे.

निष्कर्ष :
लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांचा नकार आणि नंतरची आमरण निष्ठा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. पटल्याविना स्वीकारावयाचे नाही आणि स्वीकारल्यावर सोडावयाचे नाही, या एकाच वृत्तीची ती दोन रूपे आहेत. म्हणून ख्रिस्ती जीवनातील चिकाटीचा अभ्यास करताना धर्मांतराच्या दिनांकाइतकाच त्याआधीच्या संशयाचाही विचार होणे आवश्यक आहे.