अनौपचारिक शब्दाचा अर्थ : कोशातला आणि संहितेतला

साहित्यकृतीत टपोरी बोलीतला वा गुन्हेगारी जगातला शब्द आला की मराठी समीक्षा बहुधा दोन गोष्टी करते. ती त्या शब्दाचा प्रमाणभाषेतील पर्याय सांगते आणि त्याच्या योजनेला 'वास्तवदर्शी' हे विशेषण बहाल करते. 'पेटी' म्हणजे एक लाख, 'खोका' म्हणजे एक कोटी, 'मामा' म्हणजे पोलीस, 'कल्टी मारणे' म्हणजे सटकणे, अशी समीकरणे मांडली की अर्थनिर्णयाचे काम संपले असे मानले जाते. या पद्धतीमागे एक गृहीतक दडलेले असते. मूळ अर्थ प्रमाणभाषेत सिद्धच असतो आणि अनौपचारिक शब्द हा त्या अर्थावर चढवलेला केवळ एक रंगीत पेहराव असतो, असे ते गृहीतक आहे. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

'सुपारी' हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. पैसे घेऊन खून करण्याचा करार हा त्याचा अनौपचारिक अर्थ आज सर्वपरिचित आहे. परंतु मराठी समाजव्यवहारात सुपारी ही मुळात शब्द दिल्याची, व्यवहार पक्का झाल्याची खूण आहे. विवाह ठरताना सुपारी फुटते; गावची जत्रा ठरली की तमाशाच्या फडाला सुपारी दिली जाते. दिलेली सुपारी फिरवणे हा वचनभंग होय. गुन्हेगारी जगाने हा शब्द उचलला तेव्हा त्याच्यासोबत हा सगळा विधी आणि त्याची नैतिकताही उचलली. म्हणून 'खुनाचे कंत्राट' हा पर्याय अर्थदृष्ट्या अपुरा ठरतो. कंत्राटात कायदा असतो, सुपारीत इमान असते. हत्येच्या व्यवहाराला इमानाची भाषा लाभणे, हाच या शब्दाचा खरा आशय आहे आणि समीकरणात नेमका तोच गळून पडतो.

अशा शब्दसंग्रहाचे तात्त्विक विवेचन भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे यांनी १९७६ मध्ये 'प्रतिभाषे'च्या संकल्पनेद्वारे केले. त्यासाठी घेतलेल्या उदाहरणांत कोलकात्याच्या गुन्हेगारी जगाची भाषाही होती. प्रस्थापित समाजाच्या आत, पण त्याला विरोध करीत जगणारा गट आपली प्रतिभाषा घडवतो. व्याकरण तेच राहते. त्या गटाच्या जीवनाशी निगडित क्षेत्रांपुरते शब्द मात्र बदलतात. पैसा, पोलीस, दारू, हत्यार, स्त्री या क्षेत्रांत शब्दांची दाटी होते. केवळ गुप्तता हे तिचे कारण नव्हे. पर्यायी समाजवास्तव उभे करणे आणि ते बोलण्यातून टिकवून धरणे, हे प्रतिभाषेचे मुख्य कार्य असते. 'पेटी' आणि 'खोका' या शब्दांत रक्कम आकड्याने मोजली जात नाही, ती ज्यात लपवून नेता येते त्या वस्तूने मोजली जाते. ज्या जगात पैशाला वहीत जागा नाही, त्या जगाचे हे मापन आहे.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने पुढचा प्रश्न असा की, ही प्रतिभाषा संहितेत कोणाच्या मुखी येते? संस्कृत काव्यशास्त्राने 'ग्राम्य' पद हा दोष मानला; तथापि वक्त्याच्या औचित्यामुळे दोषही क्वचित गुण ठरतो, ही सवलत मम्मटाने ठेवली आहे. मराठीतील 'वास्तवदर्शी' हे समर्थन वस्तुतः या औचित्यविचाराचेच आधुनिक रूप होय. पात्र जसे, तशी त्याची भाषा. 'बनगरवाडी'च्या (१९५५) बाबतीत हे समर्थन पुरेसे ठरते. तेथे धनगरांचे संवाद बोलीत आहेत आणि शाळामास्तराचे निवेदन प्रमाणभाषेच्या वळणाचे आहे. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'त (१९६५) मात्र ही विभागणीच उरत नाही. निवेदन खुद्द पोक्याचे, म्हणजे नाक्यावरच्या टोळक्यातल्याच एकाचे आहे. त्या भाषेला तोलून धरणारा, तिच्यावर नैतिक पांघरूण घालणारा प्रमाण आवाज कादंबरीत नाही. आचार्य अत्रे यांनी या कादंबरीवर कठोर टीका केली, तिचे एक कारण येथे शोधता येते. अश्लीलतेचा आक्षेप होताच. पण अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट होती ती सभ्य निवेदकाच्या अनुपस्थितीची.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) याहून पुढचे पाऊल टाकले. कामाठीपुऱ्याच्या परिसरातील शब्द तेथे संस्कृतप्रचुर शब्दांच्या शेजारी, त्यांच्याच तोलाने उभे राहतात. त्या शब्दांशी सुशिक्षित वाचक अडखळतो आणि त्याला वाटाड्याची गरज भासते. आजवर निरक्षर ठरवले गेलेले जग येथे साक्षर वाचकालाच निरक्षर ठरवते. ही अगम्यता कवितेच्या अर्थाचाच भाग आहे. शब्दार्थांची टीप देऊन ती पूर्णपणे दूर केली, तर कविता सुबोध होईल, पण तिचे म्हणणे हरवेल.

अर्थात, प्रतिभाषेचे उदात्तीकरण करणे हेही तितकेच चुकीचे ठरेल. 'माल', 'सामान', 'आयटम' हे स्त्रीवाचक शब्द त्याच भाषेतले आहेत आणि ते प्रस्थापित पुरुषी दृष्टीला जराही छेद देत नाहीत. नाक्यावरचा तरुण मालक आणि पोलीस यांच्याविरुद्ध शब्द घडवतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र तो मालकाचीच नजर उसनी घेतो. 'वासूनाका'चे वाचन करताना पोक्याच्या भाषेतील बंड आणि तिच्यातील ही गुलामी, दोन्ही एकाच वेळी दिसली पाहिजेत. निवेदकाला तिच्याबाहेर पडता येत नाही, ही त्या संहितेची शोकांतिका आहे.

दुसरा प्रश्न कालसापेक्षतेचा आहे. असे शब्द अल्पायुषी असतात, हा आक्षेप अंशतःच खरा आहे. पुष्कळसे मरतात, काही मात्र स्थलांतर करतात. भाऊ पाध्ये यांनी १९७५ मध्ये कादंबरीला दिलेले 'राडा' हे नाव आज वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सहज वावरणारा शब्द झाले आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात सत्तांतर झाल्यावर विरोधकांनी 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर दिली. आरोपाची सत्यासत्यता हा येथे विषय नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, गुप्ततेसाठी वापरला जाणारा शब्द जाहीर आरोपाचे साधन झाला. 'पन्नास कोटी' म्हटल्याने केवळ रक्कम कळली असती. 'खोके' म्हटल्याने त्या कथित व्यवहाराची जातकुळीही सूचित झाली. राजकारण आणि गुन्हेगारी यांतील अंतर एका शब्दाने पुसून टाकले.

तेव्हा अनौपचारिक शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा प्रमाण पर्याय नव्हे. तो शब्द कोण, कोणाशी, कोणाला वगळून बोलतो, या संबंधातच त्याचा अर्थ वसलेला असतो. अध्यापनात आणि संशोधनात शब्दसूची अवश्य असाव्यात. पण त्यांत पर्यायापुढे थांबू नये. शब्द कोठून उचलला, त्याने मूळ अर्थाची कोणती विटंबना केली आणि संहितेत त्याच्यावर कोणाचा ताबा आहे, हे तीन प्रश्न त्या सूचीला विचारले गेले पाहिजेत. अन्यथा या संहितांचे केवळ प्रमाणभाषेत भाषांतर होईल, आणि त्यालाच समीक्षा म्हटले जाईल.