न दुखणाऱ्या बोटांची कविता

परवा फराळाच्या गडबडीत चकल्या तळताना उकळत्या तेलाचा शिंतोडा माझ्या बोटावर उडाला. 'आई गं' म्हणायच्या आत हात मागे आला होता. ती आज्ञा मेंदूची नव्हे. ती पाठीच्या कण्यातूनच सुटते आणि मेंदूला वर्दी मागाहून पोचते. आईने फुंकर घालून मनगटावरून हात फिरवला, तसा ठणका थोडा उतरला. स्पर्शाची जाणीव वेदनेची वाट कण्यातच काही अंशी अडवते, असे मेलझॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. आयांना ते आधीपासून ठाऊक असावे!

त्याच रात्री बाबा आमटे यांचा 'ज्वाला आणि फुले' हा काव्यसंग्रह पुन्हा वाचला. आमच्या बल्लारपूरहून वर्ध्याकडे जाणारी गाडी वरोऱ्यावरूनच जाते. १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी संस्था स्थापून बाबांनी त्या वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. जंतू मज्जातंतू बधिर करतात. मग तापले भांडे हाताला कळत नाही, पायातला काटा कळत नाही, जखम चिघळते आणि बोट जाते. न दुखणे हीच तिथली खरी आपत्ती!

आपल्या कवितेने वेदनेचे कौतुक पुष्कळ केले. परंतु ते बहुधा स्वतःच्या वेदनेचे. बाबांची कविता दुसऱ्याची वेदना आपल्यापर्यंत आणते. रोग्याची बोटे बधिर होती, तसा त्याला वेशीबाहेर घालवणारा समाजही बधिरच होता. त्या बधिर समाजाला ही कविता चटका देते. तिचे मोल मला येथे वाटते.

मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. हा कवी दुःखापाशी फार वेळ थांबत नाही. वेदनेचा उच्चार होतो न होतो तोच पराक्रमाचे आवाहन सुरू होते आणि आवाज व्यासपीठावरचा होतो. ठणका नीट कळण्याआधीच औषध मिळाल्यासारखे वाटते. कदाचित ज्याला रोज जखमा धुवायच्या असतात, त्याला उसासे टाकायला सवड नसते.

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. समाजाच्या बधिरपणावर मात्र गोळी निघालेली नाही. म्हणून फराळाच्या ताटाशेजारी रसिकांनी हा संग्रह जरूर ठेवावा. थोडे दुखेल, आणि दुखते आहे तोवर आपण शाबूत आहोत, असे समजावे.