‘इंटरनेट नाही’ : एका निदानाची समीक्षा

लॅपटॉपच्या पडद्यावर वाय-फायच्या नावाजवळ ‘इंटरनेट नाही, सुरक्षित’ अशा अर्थाची ओळ दिसली की बहुतेक शाळांत पुढचा क्रम ठरलेला असतो. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायचा, राउटरचे बटण दाबायचे, मग यंत्रातल्याच ‘समस्या शोधा’ या सोयीला शरण जायचे. तेही फसले की लॅपटॉप तालुक्याच्या गावी दुरुस्तीला जातो. तिथे विंडोज नव्याने टाकली जाते, आणि जुने निकालपत्रक, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असे बरेच काही कायमचे नाहीसे होते. दोष मात्र पुष्कळदा लॅपटॉपमध्ये नसतोच.

या लेखात मी त्या ओळीची आणि त्या ‘समस्या शोधा’ची समीक्षा करणार आहे. पाठ्यपुस्तकातला धडा आपण जसा तपासतो, तशीच ही यंत्राने दिलेली विधानेही तपासली पाहिजेत. विद्यार्थी ती रोज वाचतात आणि खरी मानतात.

‘इंटरनेट नाही’ हे यंत्राला कसे कळते? विंडोज १० आणि ११ मध्ये लॅपटॉप जोडणी झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून दोन-तीन शब्दांचा छोटा मजकूर मागवतो. अपेक्षित मजकूर आला तर इंटरनेट आहे, नाही आला तर नाही. म्हणजे त्या ओळीचा नेमका अर्थ ‘मला तो मजकूर मिळाला नाही’ एवढाच आहे. एखाद्या जाळ्यात तो एकच पत्ता अडवलेला असेल, तर बाकी सारे सुरळीत चालू असूनही यंत्र ‘नाही’ म्हणते.

याच्या उलटही घडते, आणि ते अधिक फसवे आहे. समजा अकोले तालुक्यातल्या एखाद्या शाळेत लॅपटॉप उन्हाळ्याची सुट्टीभर कपाटात राहिला. मोठी बॅटरी उतरली, घड्याळ चालवणारी आतली लहान बॅटरीही संपली. जूनमध्ये तो सुरू केला तेव्हा तारीख काही वर्षे मागे गेलेली. आता तो छोटा मजकूर साध्या, कुलूप नसलेल्या मार्गाने येतो, म्हणून खूण सांगते की सर्व ठीक आहे. पण आजची जवळजवळ सर्व संकेतस्थळे कुलूपबंद मार्गाने चालतात. त्यांच्या ओळखपत्राला मुदत असते, आणि लॅपटॉप ती स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्याच्या मते ओळखपत्र अजून लागूच झालेले नाही! यू-डायसची माहिती भरायला बसलेल्या गुरुजींना एकही पान उघडत नाही, आणि ते वाय-फायला दोष देतात. इलाज असतो तारीख दुरुस्त करण्याचा.

त्या ओळीतल्या दुसऱ्या शब्दाकडे तर कोणी पाहतच नाही. ‘सुरक्षित’ म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधले बोलणे सांकेतिक स्वरूपात चालू आहे. म्हणजे बिनतारी दुवा जुळलेला आहे, परवलीचा शब्दही बरोबर आहे! अशा वेळी दोष बहुधा राउटरच्या पलीकडे शोधावा. तार तुटली असेल, किंवा ग्रामपंचायतीत ठेवलेल्या भारतनेटच्या पेटीची वीज गेली असेल. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो, पण ती पेटी आणि राउटर यांना वीज लागते, हे भारनियमनाच्या गावात विसरून चालत नाही. इतकी उपयोगी बातमी एका शब्दात दडवून ठेवणे हा त्या संदेशाचा मोठा दोष आहे असे मला वाटते.

आता ‘समस्या शोधा’. ही सोय पुष्कळदा वाय-फायचा भाग एकदा बंद करून पुन्हा चालू करते. त्यामुळे जोडणी नव्याने होते, राउटरकडून नवा पत्ता मागितला जातो, आणि अनेकदा काम भागते. दुरुस्ती म्हणून यात काही वाईट नाही. आक्षेप असा की एकाच वेळी तीन-चार गोष्टी बदलल्या जातात आणि कोणत्या बदलामुळे दोष गेला हे कळत नाही. प्रयोगवहीत असा प्रयोग विद्यार्थ्याने लिहिला, तर आपण त्याला लाल शाईने खूण करू. शिवाय पुरावाही पुसला जातो. बंद-चालू करण्यापूर्वी काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन लॅपटॉपचा पत्ता वहीत लिहून घ्यावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक घेतला, असा त्याचा अर्थ. कदाचित शाळेत सगळ्यांचे मोबाइल जोडले गेले आणि राउटरजवळचे पत्ते संपले. पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ करून आधी राउटरला हाक मारावी, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने. जिथे उत्तर थांबेल त्याच टप्प्यावर दोष शोधावा. बाहेरचा पत्ता उत्तर देतो पण नाव देत नाही, तर नावाचा पत्ता सांगणारी यंत्रणा बिघडली आहे. एवढे काम सातवीतला मुलगा दहा मिनिटांत करतो.

संदेशाची गोष्ट झाली, आता पट्ट्यांची. ‘पट्ट्या पूर्ण आहेत, तरी चालत नाही’ ही नेहमीची तक्रार. पट्ट्या फक्त राउटरचा आवाज लॅपटॉपला किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. वर्गात गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण शेवटच्या बाकावरच्या मुलाचे उत्तर गुरुजींना ऐकू येतेच असे नाही. लॅपटॉपचे प्रक्षेपण बऱ्याचदा राउटरपेक्षा दुबळे असते. त्यात आजूबाजूला गोंगाट असेल तर मोठा आवाजही निरुपयोगी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारची वाय-फाय, बिनतारी माउस, मायक्रोवेव्ह शेगडी अशी गर्दी असते. इंटेल कंपनीने २०१२ साली दाखवून दिले की यूएसबी ३ ची उपकरणेही नेमक्या याच भागात गोंगाट करतात. निळ्या खाचेत लावलेली हार्ड डिस्क काढली आणि जोडणी सुधारली, असे झाले तर त्यात जादू नाही.

या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. नगर जिल्ह्यातल्या जुन्या शाळांच्या जाड दगडी भिंती, वर पत्रे आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतले लोखंडी कपाट असे सगळे जमले की लहरी परावर्तित होऊन एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे मारतात. म्हणून लॅपटॉप चार बोटे सरकवला तरी फरक पडू शकतो. मुलांच्या शरीरातले पाणीही या लहरी शोषते. त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या वर्गात नोंदी घेऊन पाहाव्यात.

गोंगाटाचा उगम कसा शोधावा, याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. नगर-कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर मागे टाकून आळेफाट्याला गेले की तिथून नारायणगावजवळचे खोडद फार दूर नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. ती वाय-फायपेक्षा बरीच कमी वारंवारता ऐकते, पण शत्रू तोच : माणसाने केलेला रेडिओ गोंगाट. विजेच्या तारांवर सैल जोडाजवळ ठिणगी उडत असली तरी तिच्या नोंदी बिघडतात. तिथले लोक आधी गोंगाटाची नोंद घेतात, तो कोणत्या वेळी आणि कोणत्या वारंवारतेला येतो ते पाहतात, मग दिशा ओळखणारा अँटेना घेऊन उगमाकडे जातात. दुर्बीण बंद करून चालू केली तर तारेवरची ठिणगी थांबणार आहे का?

वर्गात सोडवायला एक उदाहरण देतो. शाळेच्या वाय-फायचे नाव सर्वांच्या मोबाइलवर दिसते, पण भेट म्हणून मिळालेल्या एका जुन्या लॅपटॉपच्या यादीत ते येतच नाही. शेजारच्या घराचे नाव मात्र येते. ‘समस्या शोधा’ला इथे काही सापडणार नाही, कारण लॅपटॉपच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नाही. दोन शक्यता मांडता येतात. एक, राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि जुन्या यंत्राला तो पट्टा ऐकू येत नाही. दुसरी, राउटर २.४ च्या पट्ट्यात १२ किंवा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर आहे. भारतात त्या वापरता येतात, पण अमेरिकेसाठी जुळवलेली बरीच यंत्रे ११ च्या पुढे पाहत नाहीत. राउटरवर २.४ चा पट्टा चालू आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. मग त्याची वाहिनी ६ करावी, बाकी कशाला हात लावू नये, आणि लॅपटॉपची यादी पुन्हा उघडावी.