६० लाखांत एक चूक, पण मोजली कुणी?

तर आता डबेवाल्यांकडे येऊ. व्यवस्थापनातल्या उपयोजित पीएचडीच्या, डीबीएच्या आराखड्यांत ते हमखास भेटतात. आम्हाला खटकतं ते पहिलंच पान. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांचं कौतुक केलं, तिथून ‘६० लाख डब्यांत एक चूक, सिक्स सिग्मा’ हे सगळ्यांचं पाठ झालं. सिक्स सिग्मा म्हणजे १० लाखांत ३.४ चुका. ठीक. पण चूक कशाला धरलं? डबा हरवला, उशिरा पोचला, की शेजारच्या ऑफिसात गेला? नोंद कुणी ठेवली? हे न विचारताच संशोधक यशाचं रहस्य शोधायला निघतो. उत्तर आधी, प्रश्न मागाहून!

हार्वर्डने २०१० मध्ये केस काढली, ते आम्ही समजू शकतो. केस वर्गातल्या चर्चेसाठी असते. प्रबंधाचं तसं नाही. तिथे सुरुवात व्हावी ती धंद्यातल्या माणसाला छळणाऱ्या प्रश्नापासून. कोविडमध्ये ऑफिसं बंद पडली, गिऱ्हाईक तुटलं. त्यातलं किती परत आलं? आठवड्यात तीनच दिवस ऑफिसला जाणाऱ्याकडून महिन्याचे पैसे कसे घ्यायचे? हे आधी मुकादमाला विचारा. त्याच्या माणसांबरोबर अंधेरी-चर्चगेट लोकल करा, थोडे महिने. शीर्षक नंतर ठरेल.