एका पाटीचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात. आम्ही येथे पाच शब्दांच्या एका पाटीचे परीक्षण करणार आहोत. कळंबमधील एका शाळेच्या प्रदर्शनात ‘जुन्या वस्तू’ मांडलेल्या टेबलावर ती आमच्या पाहण्यात आली. सुमारे ४५ सेंमी लांबीच्या, सव्वा किलो वजनाच्या, एका टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या लोखंडी पट्टीपुढे ती ठेवली होती. तिच्यावर लिहिले होते : ‘शिवकालीन भाल्याचे पाते. हाताने घडवलेले.’

प्रथम चांगले काय ते सांगू. वस्तू भंगारात न जाता शाळेत आली, याचे श्रेय ती आणणाऱ्या विद्यार्थ्याला द्यायला हवे. ‘हाताने घडवलेले’ हे शब्दही निरीक्षणातून आलेले आहेत. पट्टीची जाडी जागोजागी बदलते, कडा सरळ नाहीत, कमी घासलेल्या भागात घणाचे ठसे बोटांना लागतात आणि साच्यात ओतल्याची रेघ कोठेही दिसत नाही.

‘भाल्याचे’ या शब्दाशी मात्र आपण थांबले पाहिजे. भाल्याचे पाते काठीवर बसवावे लागते. त्यासाठी त्याला पोकळ खोबण तरी असते किंवा काठीत ठोकायचा बारीक शेपटा तरी. या पट्टीला यांपैकी काहीही नाही. भाल्याला दोन्ही बाजूंनी सारखी धार हवी. येथे धारच नाही. टोक बोथट आहे आणि एकाच अंगाने जास्त झिजलेले आहे. त्या अंगावरील बारीक ओरखडे लांबीच्या दिशेने जातात. म्हणजे ही पट्टी एका ठरावीक बाजूने, पुन्हा पुन्हा, खडे-वाळू असलेल्या मातीतून ओढली गेली असावी.

मग ही पहार असेल काय? पहार हातात फिरत राहते, त्यामुळे तिचे टोक चहूबाजूंनी झिजते. या पट्टीची झीज एकतर्फी आहे. उरतो तो लाकडी नांगराचा फाळ. तो लांब पट्टीसारखा असतो आणि लोखंडी कडीने नांगराला आवळलेला असतो. टोक झिजले की लोहाराकडून शेवटून घ्यायचे आणि फाळ पुढे सरकवायचा, अशी रीत. आमच्या मते ही वस्तू फाळच आहे. हे अनुमान तपासायची सोपी खूणही होती. कडी जेथे आवळली जात असे, तेथे घासल्याचा आडवा पट्टा दिसायला हवा होता. परंतु प्रदर्शनासाठी पट्टीचा मधला भाग पॉलिश कागदाने लख्ख घासला होता! गंजाबरोबर पुरावाही गेला.

अशा कड्यांचे महत्त्व विदर्भात चांगले कळते. नागपूर जिल्ह्यातील माहुरझरी येथील महापाषाणीय दफनांत लोखंडी कुऱ्हाडी त्यांच्या आडव्या कड्यांसह मिळाल्या. त्या कड्यांमुळे पाते दांड्याला कसे बांधले जात होते, हे समजले. नुसत्या आकारावरून ते कळले नसते.

आता ‘शिवकालीन’. या शब्दाला पाटीवर कसलाच आधार नाही. हाताने घडवलेले म्हणजे जुने, हा समज चुकीचा आहे. लोहार आणि घिसाडी आजही ट्रकच्या पाट्यापासून विळे, कोयते हाताने घडवतात. उत्खननात वस्तूचा काळ ती ज्या थरात सापडते त्यावरून ठरवतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे १९५८ साली चापेकर यांनी केलेले उत्खनन असेच थराथराने झाले. घरातून आलेल्या वस्तूला असा थर नसतो. प्रयोगशाळेत धातूचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. जुन्या भट्टीतील लोखंडात मळीचे ताणलेले धागे दिसतात. एकसारखे, धाग्यांविना पोलाद दिसले, तर ते बहुधा कारखान्यातील, म्हणजे बेसेमरच्या १८५६ च्या पद्धतीनंतरचे. साकचीला (आजचे जमशेदपूर) पोलाद १९१२ मध्ये तयार होऊ लागले. बार्शी लाइट रेल्वे लातूरला १९११ मध्ये पोचली आणि बाजारी लोखंड या भागात येण्याची वाट सोपी झाली. धागे दिसले तरी त्यावरून लोखंड करण्याची रीत कळेल, साल कळणार नाही.

आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारले, “ही घरात कुठे होती?”

“गोठ्यातल्या कोनाड्यात, सर. जू आणि शिवळा होत्या तिथं.”

“पणजोबा काय करायचे?”

“शेतीच की.”

सर्वांत मोलाची माहिती हीच होती आणि नेमकी तीच पाटीवर नव्हती. गोठ्यातील तो कोनाडाही एक प्रकारचा थरच आहे. जू आणि शिवळांच्या सोबतीला भाला कशाला येईल? भाला म्हटले की टाळ्या मिळतात, फाळ म्हटले की मिळत नाहीत. म्हणून पणजोबांचे अवजार एका अनोळखी सैनिकाच्या नावावर गेले. चूक त्या मुलाची नाही. आपण मोठ्यांनी त्याला इतिहास म्हणजे लढाया एवढेच शिकवले.

आमच्या मते पाटी अशी हवी : ‘लोखंडी पट्टी, बहुधा नांगराचा फाळ. गोठ्यातील कोनाड्यात, जू व शिवळांसोबत मिळाली. घडण हाताची. टोकाची झीज एकतर्फी. काळ ठरलेला नाही.’

शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की अशी वस्तू आली तर ती घासू नये आणि धुऊ नये. आहे तशी मोजावी, तोलावी, तिचे चित्र काढावे आणि ती कोठे, कशासोबत होती हे लिहून घ्यावे. मग ती गावातील लोहाराला आणि एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला दाखवावी. वर्गात लोहारकाम करणाऱ्या घरातील मूल असेल, तर त्या तासाला खडू त्याच्या हाती द्यावा.