दुसऱ्याच्या सुखाची जबाबदारी : 'माणूस' (१९३९) या चित्रपटाचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

दुसऱ्याला सुखी करण्याची इच्छा ही प्रेमकथांमागील एक जुनी प्रेरणा आहे. तथापि ज्याला सुखी करावयाचे त्याचे मत विचारात घेतले जाते काय, हा प्रश्न समीक्षेत क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात प्रभात फिल्म कंपनीच्या व व्ही. शांताराम दिग्दर्शित 'माणूस' या चित्रपटाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

कथानक आणि त्यातील पेच

गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) धाडीच्या वेळी मैना या वेश्येला (शांता हुबळीकर) वाचवितो. ओळखीचे रूपांतर प्रेमात होते. तिला त्या जगातून बाहेर काढावे, संसार द्यावा, ही त्याची तळमळ प्रामाणिक आहे. परंतु गणपतच्या सोज्ज्वळ आईच्या (सुंदराबाई) घरात ज्या शुचितेची मैनेला ओढ आहे, तिच्यापुढेच तिला स्वतःचे अपात्रपण अधिक जाणवते. पुढे दुष्ट मामाच्या खुनाच्या आरोपाखाली तिला अटक होते. तुरुंगातून सोडविण्याची गणपतची तयारी असते. मैना ती नाकारते.

प्रेमभंगानंतर स्वतःला संपविणाऱ्या 'देवदास'ला (१९३५) दिलेले उत्तर म्हणून हा चित्रपट ओळखला जातो. प्रेमापेक्षा जीवन मोठे, हा त्याचा आशय सर्वपरिचित आहे. माझ्या मते मैनेचा नकार हाही त्याचा तितकाच महत्त्वाचा भाग होय.

एक तुलना

याच संदर्भात ज्याँ-पिएर ज्युने यांचा 'आमेली' (२००१) हा फ्रेंच चित्रपट आठवतो. एका अनोळखी माणसाचा बालपणीचा खजिना असलेली पत्र्याची डबी सापडल्यावर आमेली ती त्याच्यापर्यंत पोहोचविते आणि लोकांना गुपचूप सुखी करण्याचे व्रत घेते. इमारतीच्या रखवालदारीणबाईंना ती त्यांच्या मृत पतीच्या नावाने बनावट पत्र पाठविते. बाईंना समाधान लाभते, परंतु ते असत्यावर उभे असते. कॅफेतील दोघांची तिने जुळविलेली जोडी तर लवकरच पुन्हा संशयात सापडते. आमेलीच्या मदतीला कोणी नकार देऊ शकत नाही, कारण मदत होत आहे हेच कोणाला ठाऊक नसते. मैनेला मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येते. या एका शक्यतेमुळे 'माणूस'मधील प्रेम मला अधिक प्रौढ वाटते.

एक अनुभव

हा विचार केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचे शुल्क थकले होते. तिचे वडील लकडगंजमधील एका आरामशीनवर कामाला होते. मी सहकाऱ्यांकडून वर्गणी गोळा करून शुल्क भरले आणि ते वर्गात सर्वांदेखत सांगितलेही. माझ्या मनात आनंद होता. त्यात थोडा स्वतःविषयीचा अभिमानही मिसळला होता, हे आज मान्य करतो. त्यानंतर ती दोन दिवस वर्गात आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "सर, आधी मला विचारायचं होतं." पुढे वर्षभर, महिन्याला थोडे थोडे करून, तिने ते पैसे परत केले. मी ते घेतले. न घेणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा न विचारण्यासारखे झाले असते.

त्यानंतर 'माणूस' पुन्हा पाहिला तेव्हा गणपतच्या अगतिकतेपेक्षा मैनेच्या चेहऱ्याकडे माझे लक्ष अधिक गेले.

मर्यादा

तरीही मैनेच्या नकाराचे निव्वळ गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. तो नकार पूर्णतः तिचा आहे काय? समाजाने लादलेली अपराधी भावना त्यात बोलत नाही काय? चित्रपट तिला प्रतिष्ठा देतो, पण भविष्य देत नाही. गणपतच्या पुढे जीवन आहे, मैनेच्या पुढे तुरुंग. देवघर आणि कायदा या दोन्ही व्यवस्था शेवटी जशाच्या तशा राहतात. सहृदय नायक असूनही बदल घडत नाही, कारण प्रश्न एका व्यक्तीच्या दयाळूपणाने सुटणारा नव्हता. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही वर्गणीपेक्षा शुल्काचे हप्ते पाडून देण्याची नियमित सोय अधिक उपयोगी ठरली असती; त्यात तिला कोणाचे उपकार घ्यावे लागले नसते.

समारोप

सारांश, दुसऱ्याचे सुख शोधण्यात मदत करणे आणि ते आपण ठरविणे यांत मूलभूत अंतर आहे. 'माणूस' हे अंतर दाखवितो, जरी ते ओलांडण्याचा मार्ग दाखवीत नसला तरी. अध्यापनाच्या व्यवसायात आपण रोज कोणाच्या तरी भल्यासाठी काहीतरी ठरवीत असतो. ते ठरविण्यापूर्वी एकदा विचारावे, आणि आलेले उत्तर नकाराचे असल्यास तेही ऐकून घ्यावे, एवढी शिकवण या चित्रपटाने मला दिली, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.